हातात विळा, कपाटात बूट

पत्र थोडक्यात:
वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. लिहिणाऱ्या ताईंचं वय ४६. दिवाळीच्या आधी त्यांची तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ६.२ निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. रोज चाला आणि गोड आवरा, एवढंच सांगितलं. तेव्हापासून त्या पहाटे अंधारातच गावापासून फाट्यापर्यंत चालून येतात. पण ‘नुसती फिरते’ असं कुणी म्हणू नये म्हणून हातात विळा आणि काखेत रिकामं पोतं घेतात. बघणाऱ्याला वाटावं, शेळीला चारा आणायला चालली. मुलानं पुण्याहून पाठवलेले बूट खोक्यासकट कपाटात पडून आहेत. तरीही हापशीवर एकीनं विचारलंच, “काऊन वं, वावरात काम नाही का, रोडनं फिरून राह्यली?” चुलत दीर हसत म्हणाले, “वहिनी आता शहरातल्या मॅडम झाल्या.” सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वेळी कुठं होती शुगर.

गोडाबद्दल त्या लिहितात, ‘चहा सोडला तर मी गोडाला हात लावत नाही. पण वर्ध्याहून आणलेला गोरसपाक बिस्किटांचा डबा गव्हाच्या कोठीमागे ठेवलाय. सगळे झोपले की दिवा न लावता दोन-तीन खाते, तोंड धुते अन् झोपते. मग अर्धी रात्र स्वतःचा राग येतो.’

आणि शेवटी: ‘शेजारणीचा नवरा गेल्या वर्षी कर्जापायी जीव देऊन गेला. रोज तिच्या दारावरून जावं लागते. तिच्या घरी एवढं दुःख, अन् मी वजन कमी करायला हिंडते, बिस्किटं खाते. मान वर करवत नाही. चालणं बंद करू का?’

ताई,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की ज्याची तुम्हाला गरज नाही तो विळा साऱ्या गावाला दिसतो आहे आणि ज्या दोन गोष्टी तुमच्या आहेत त्या दडून बसल्या आहेत. बूट कपाटात, गोरसपाक कोठीमागे. त्यामुळे चालणं बंद करण्याचं मला काही कारण दिसत नाही. बंद करायचं असेल तर हे लपवणं बंद करा. ते एका दिवसात होत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या आकड्याचं बघू. तीन महिन्यांची शुगर ५.७ च्या खाली असली की ठीक मानतात, ६.५ किंवा त्यावर गेली की मधुमेह. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात. इथून मागे फिरता येतं किंवा निदान बरीच वर्षं आहे तिथेच थांबता येतं, आणि तेही फार मोठ्या खटाटोपाशिवाय. चेन्नईत अशाच उंबरठ्यावरच्या माणसांचा एक अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, ज्यांनी चालणं आणि खाणं सांभाळलं त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिलं. ही आपल्यासारखंच भात-पोळी खाणारी माणसं. तुमच्या डॉक्टरांनी गोळीऐवजी चालायला सांगितलं, म्हणजे तुमची बोळवण केली असं मुळीच समजू नका. या टप्प्यावर चालणं हेच औषध आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवा.

सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या काळी दळण जात्यावर होतं, पाणी विहिरीवरून, सरपण रानातून, आणि निंदण संपतं न संपतं तोच दुसरा फेरा. ताटात ज्वारीची भाकर. तुमच्या घरी आज गिरणीचं पीठ आहे, नळ आहे, सिलिंडर आहे. वावरातल्या तणावर फवारणी होते, ज्वारीच्या जागी सोयाबीन उभं राहतं आणि ताटात रेशनचा तांदूळ येतो. हे कष्ट कमी झाले ते बरंच झालं, त्या जात्यानं कितीजणींचे खांदे कायमचे धरले. पण शरीराला जे हालणं मिळत होतं ते गेलं आणि त्याची भरपाई कुणी केली नाही. शिवाय तेव्हा रक्त तपासायला कोण जात होतं? ‘पाय जड पडले’, ‘जखम भरेना’ म्हणत माणसं गेली. त्यातल्या काहींना शुगर असणारच.

‘वावरात काम नाही का’ या प्रश्नात एक समज दडलेली आहे, की शेतातल्या बाईला व्यायामाची गरज नसते. तुमची चार एकर मक्त्यानं दिलेली. तुम्ही वेचणीपुरत्या जाता, तेही मजूर मिळाला नाही तर. वेचणीत कंबर मोडते, बोटांना बोंडाची टोकं लागतात, संध्याकाळी अंग ठणकतं. पण सलग अर्धा तास दमानं श्वास घ्यावा लागेल असं त्यात फार थोडं. थकणं वेगळं, व्यायाम वेगळा. ज्या बहिणी बाराही महिने रोजानं निंदायला-वेचायला जातात त्यांना मात्र मी पहाटे उठून चाला असं सांगणार नाही. त्यांना झोप हवी आणि पोटभर वरण-भाकर हवी.

आता लोकांचं. पत्रात तुम्ही ‘सगळं गाव बोलते’ असं लिहिलंय. मी मोजलं, बोलल्याचा पत्ता दोघांचाच लागतो. हापशीवरची बाई आणि चुलत दीर. बाकीचं गाव तुमच्या मनात बोलतंय. तसं ते बोलावं हे साहजिक आहे, कारण आपल्याकडे बाईनं कारणाशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असंच लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवा. याच रस्त्यानं, याच वेळेला बाया दोघी-तिघींनी निघायच्या, हातात गडवा. उघड्यावरची गोदरी बंद झाली, घरोघरी शौचालय आलं, हे फार चांगलं झालं. त्या अंधाराची, त्या अपमानाची मला जराही हळहळ नाही. पण सुनेला सासूपासून, बाईला चुलीपासून तेवढीच अर्धा तास सुटका मिळायची, मनातलं बोलून व्हायचं, तेही त्याबरोबर गेलं. विहीर गेली तेव्हा उरलंसुरलंही गेलं. बाईनं पहाटे बाहेर पडायचं कारणच संपलं, म्हणून तुम्ही एक शोधून काढलंत. गडव्याच्या जागी विळा.

आणि चालणं काय आपल्याला नवीन आहे? शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते, माणसं महिनाभर पायी पंढरपूरला जातात आणि वाटेवरची गावं त्यांच्या पायावर डोकं ठेवतात. तुमच्याच जिल्ह्यातल्या पवनारहून १९५१ मध्ये विनोबा पायी हैदराबादकडे निघाले, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते, आणि पुढे भूदानासाठी कितीतरी वर्षं चालतच राहिले. सेवाग्रामला गांधीजींचा सकाळ-संध्याकाळचा फेरा कधी चुकत नसे. देवासाठी चाललेलं गावाला समजतं, लोकांसाठी चाललेलंही समजतं. स्वतःच्या शरीरासाठी एखादी बाई चालते, हे समजायला गावाला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ द्या.

दिरांना उत्तर द्यायची गरज नाही, ते आपोआप गप्प होतील. हापशीवरचीला मात्र जरूर द्या. “शुगर निघाली मले. डॉक्टरनं चालाले सांगतलं. तू बी तपासून घेजो वं.” एवढंच, मोकळ्या आवाजात. टोमणा मारणाऱ्या बाईला बहुतेक वेळा मनातून विचारायचंच असतं, की हिला काय झालं आणि मलाही तेच झालं असेल का. तिशी उलटलेल्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर गावच्या उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो. ती तुमच्या सांगण्यावरून गेली तर तुमच्या चालण्याला आणखी काय कारण हवं? बचत गटाच्या बैठकीतही हा विषय काढा. दहाजणींत दोघी तरी तयार होतील, आणि तिघी मिळून चालणाऱ्या बायांना कुणी काही विचारत नाही.

बूट उद्याच काढा. साखर वाढलेल्या माणसानं पाय जपायचे असतात. पुढेमागे पायाची संवेदना कमी होऊ शकते, मग चप्पलेत खडा रुतला तरी कळत नाही. सुती मोजे घाला, साडी घोट्याच्या वर राहील अशी नेसा. साडीवर बूट दोन दिवस विचित्र दिसतील, तिसऱ्या दिवशी तुम्हालाच दिसेनासे होतील. त्या पायांचा एक फोटो मुलाला पाठवा. त्यानं ते बूट किती दुकानं फिरून घेतले असतील कोण जाणे.

अंधारात मात्र निघू नका. विळा न्यायचा नाही म्हटल्यावर अंधाराचा आडोसाही लागणार नाही. या दिवसांत साडेसहाला चांगलं दिसू लागतं, तेव्हा निघा. रानडुकरांचा फेरा तोवर आटोपलेला असतो आणि फाट्यावरच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसता. उन्हाळ्यात हीच वेळ साडेपाचवर आणावी लागेल, आपल्याकडचं सातचं ऊनसुद्धा सोसवत नाही. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात किंवा आपल्याच ओसरीत दहा-दहा मिनिटांचे तीन फेरे मारा, तेही मोजले जातात. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, थोडं थांबून आणखी दहा. मांड्यांत ताकद राहिली की साखरही आवाक्यात राहते.

आता तो डबा.

तुमची ती ओळ वाचून मला माझी आई आठवली. तिला शुगर होती. लग्नात, पंगतीत वाढणाऱ्याचा हात ती ताटावर आडवा हात धरून थांबवायची, “मले गोड चालत नाही.” सगळे कौतुक करायचे, किती पथ्य पाळते. रात्री स्वयंपाकघरातून गुळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा. ॲल्युमिनियमचं घट्ट झाकण, कितीही हळू उघडलं तरी ‘टक्’ व्हायचं. आम्ही भावंडं जागी असायचो, कुणीच काही बोललो नाही. तिला वाटायचं आम्हाला माहीत नाही आणि आम्हाला वाटायचं हे तिची लाज राखणं आहे. आज वाटतं, एकदा उठून जायला हवं होतं. दिवा लावून म्हणायला हवं होतं, आई, बस, ताटलीत घे, मीही खाते तुझ्यासोबत.

अंधारात उभ्यानं खाल्लेल्या गोरसपाकाची चव तुम्हाला लागत नाही, मोजदाद राहत नाही, आणि खाऊन लगेच झोपल्यानं ती साखर वापरली जात नाही. शिवाय अर्धी रात्र स्वतःचा राग. इतकी किंमत मोजून हाती काय येतं? त्यापेक्षा डबा कोठीमागून काढा आणि फडताळात सगळ्यांना दिसेल असा ठेवा. घरच्यांना सांगा, आठवड्यातून दोनदा, दुपारच्या जेवणानंतर मी एक खाणार. बसून, ताटलीत घेऊन, हळूहळू, साजूक तुपाचा वास घेत. उपाशीपोटी नको, वरण-भाकर पोटात गेल्यावर साखर रक्तात सावकाश चढते. आणि खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात चाला. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. एवढ्याची तुमच्या तब्येतीला मुभा आहे. जी गोष्ट मिळणार आहे हे नक्की असतं, तिच्यासाठी रात्री उठावं लागत नाही.

पत्रातल्या ‘चहा सोडला तर’ या तीन शब्दांवर मात्र मी अडले. सकाळी उठल्यावर एक, नाश्त्याला एक, कुणी आलं की एक, दुपारी, संध्याकाळी, असे पाच कप तर सहज होतात. कपाला दोन चमचे धरा, दहा चमचे झाले, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. रोजची. तुमच्या रात्रीच्या राग-रागापेक्षा हे दहा चमचे जास्त बोलतात. दोन आठवडे कपाला एक चमचा, मग अर्धा, आणि कप तीनवर. गुळाचा चहा केला म्हणून सुटका नाही, रक्ताला गूळ आणि साखर सारखीच.

मार्गशीर्षातले गुरुवार येतील, तेही सांगून ठेवते. उपवासाच्या साबुदाण्याच्या उसळीत आणि भगरीत पिष्टच जास्त, त्या दिवशी साखर एरवीपेक्षा जास्त उसळू शकते. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, श्रद्धा तुमची आहे. ताक, दही, मूठभर भाजलेले फल्लीदाणे, एखादा पेरू, संत्रं (रस काढून नको, फोडी खा) यावर तो नीट निभतो. एरवी जेवणात भात निम्मा करा आणि त्या जागी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मेथी-अंबाडी जे निघेल ते. भाकरही तीन झाल्या तर तिचा उपयोग राहत नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी मात्र पुरणपोळी पोटभर खा आणि त्याचा हिशोब ठेवू नका.

तुमच्या शेजारणीबद्दल मी शेवटी लिहितेय, पण पत्र हाती आल्यापासून तीच डोळ्यांपुढे आहे.

तिच्या दारावरून जाताना तुम्ही मान खाली घालता आणि झपाझप पाय उचलता. तुमच्या मनात लाज आहे, हे मला पत्रातून कळलं. तिला आतून काय दिसत असेल? आणखी एक माणूस आपल्या दारावरून नजर चुकवून गेलं. नवरा असा गेला की गाव पहिले पंधरा दिवस येतं, मग पुढारी येतात, फोटो निघतात, आणि त्यानंतर लोक रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालायला लागतात. काय बोलावं सुचत नाही म्हणून. तुम्ही चालणं सोडून घरात बसलात तर तिच्या दाराशी येणारी आणखी एक पावलांची चाहूल कमी होईल. तिच्या कर्जाचा रुपया त्यानं फिटणार नाही.

तिला हाक मारा. “येते का वं फाट्यापर्यंत?” नाही म्हणेल. आठवड्यानं परत विचारा. संक्रांतीला गावात हळदीकुंकू होईल, त्याचं बोलावणं तिच्या घरी जाणार नाही, ही रीत मला कधी पटली नाही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारनंही बाकी ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात ठराव होईल तेव्हा होईल. चालायला बोलावण्यासाठी कुंकू लागत नाही. आणि पहाटे घराबाहेर पडायचं कारण तुमच्यापेक्षाही तिला कमी उरलंय.

सोबत आली तर तिला बोलतं करायला जाऊ नका. कर्जाचं, त्या दिवसाचं काही विचारू नका. चाला. बाजूबाजूनं चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून कधीतरी ती आपणहून बोलेल. तेव्हा ‘देवाच्या मनात होतं’ वगैरे म्हणू नका, ऐका. तहसिलातल्या एखाद्या कागदासाठी तिला सोबत हवी असेल तर जा. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान तिला मिळतं की नाही, एवढं विचारून बघा. खेटे घालून दमल्यामुळे कितीतरी बायांचे अर्ज अर्धवट राहतात. आणि जगावंसं वाटत नाही असं काही तिच्या तोंडून निघालं तर ते मनावर घ्या. तिला एकटं सोडू नका, तिच्या माहेरी कळवा आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावून द्या. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं. हा नंबर हे वाचणाऱ्या प्रत्येकानं घरात लिहून ठेवावा.

डबा फडताळात आला की पहिल्याच दुपारी दोन गोरसपाक ताटलीत घालून तिच्याकडे न्या. एक तिला, एक तुम्हाला. तिच्या ओसरीत बसून खा.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त तपासा. आकडा खाली आला का ते कळवा, आणि ती फाट्यापर्यंत आली का तेही लिहा.

तुमची,
ताई